बत्तीवरचा कोट

१

चुडामण भारंब्यांचा कोट जळालेला सापडला, आणि तोही अशा जागी, जिथे तो असायचं काहीच कारण नव्हतं.

त्या सकाळी तानुबाई अंगणातल्या नळावर चूळ भरत होत्या. जानेवारीचे दिवस. समुद्रावरचा गार वारा पदर धरू देत नव्हता. समोर काळखडपाचं दीपगृह उभं होतं. इंग्रजांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, माथ्यावर काचेची गोल खोली. गावातले लोक त्याला नुसती 'बत्ती' म्हणतात. डोंगराआडून ऊन नुकतंच वर आलं होतं. तानुबाईंनी मान वर केली आणि त्यांचे डोळे दिपले. वरच्या काचेत लाल, हिरवे, निळे असे रंग एकदम फुलून आले होते. "काय सुंदर दिसतं बाई," असं स्वतःशीच म्हणत त्या चहाला आत वळल्या.

ओसरीवर त्यांचा भाचा, चुडामणचा मुलगा समाधान, पेला हातात धरून बसला होता. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, बोलायला कंजूष. तानुबाई शेजारी टेकल्या तेव्हा त्यांना डांबरगोळ्यांचा वास आला. लग्नातले कपडे घालून आलाय की काय हा, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात समाधानची बायको रूपाली अंगणातून ओरडली.

"अहो, वर बघा! बत्तीतून धूर येतोय!"

दीपगृहाचा कारभार पाहणारा भूपेंद्र चहा टाकून धावला. त्याच्यामागे समाधान. तानुबाई सासष्ट वर्षांच्या होत्या, पण आयुष्यभर सरकारी दवाखान्यात पळापळ केलेली. कठड्याला धरत, धापा टाकत त्याही गोल जिना चढून वर पोचल्या.

खोली अंधूक होती. चारी बाजूंचे जाड पांढरे पडदे ओढलेले. मधोमध पुरुषभर उंचीचं जुनं भिंग, काचेच्या पट्ट्यांनी बांधलेल्या पिंजऱ्यासारखं. हल्लीचा दिवा बाहेर सज्जावर बसवलेला असतो. या जुन्या भिंगाच्या पोटात आता दिवा नाही, त्याची लोखंडी दांडी तेवढी उरली आहे. त्या दांडीवर गडद निळा लोकरी कोट टांगलेला होता. भूपेंद्रने त्यावर वाळूची बादली रिकामी केली होती, तरी धूर निघतच होता. केस जळाल्यासारखा वास खोलीत भरला होता.

कोट खाली आणला तेव्हा जिन्याच्या दाराशी झुलाल नाना काठी टेकवून उभे होते. तानुबाईंचे आणि चुडामणचे थोरले भाऊ. त्यांनी कोटाकडे पाहिलं, मग पुतण्याकडे.

"समाधान," ते म्हणाले, "बापाचा कोट जायलाच ना तू शेवटी?"

२

कोट जाळल्याच्या या आरोपावर समाधान हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. हातावरची वाळू झटकत तो समुद्रकाठच्या खडकाळ खडपांकडे चालता झाला.

नाना तसं का म्हणाले, हे कळायला आदल्या संध्याकाळपर्यंत मागे जायला हवं.

भारंबे मंडळी फैजपूरकडची. केळीवाली. चुडामणने तापीच्या पुरापेक्षा जास्त पाणी कधी पाहिलं नव्हतं, पण तरुणपणी तो दीपगृह खात्यात चिकटला आणि उभी नोकरी त्याने समुद्राच्या काठावर काढली. बायको सुनंदाबाई आणि मुलगा गावाकडेच राहिले. शेत होतं, म्हातारी सासू होती, मुलाची शाळा होती. चुडामण वर्षातून एकदा सुटीवर यायचा, फणसाचे गरे आणि सुकी मासळी घेऊन. मासळी घरात कुणी खात नसे, तरी तो आणायचा. निवृत्त होऊन घरी आला आणि पुरतं एक वर्षही जगला नाही. गेला.

भूपेंद्र शिरपूरचा. पोरगा असताना चुडामणच्या हाताखाली काम शिकला होता. आता काळखडपाच्या जुन्या तेलघरात तो लहानसं प्रदर्शन मांडत होता. पूर्वी इथे दिव्याचं तेल साठवत. जुने कंदील, दुर्बिणी, भोंगे असं सगळं त्याने काचेच्या कपाटांत लावलं होतं आणि सुनंदाबाईंकडे सरांचा कोट मागितला होता. वाऱ्यासाठी खात्याने दिलेला, पितळी बटणांचा कोट. प्रदर्शन उघडायला दुपारी मोठे साहेब येणार होते. दीपगृहातली जुनी घरं आता पाहुण्यांना उतरायला देतात, म्हणून सगळी मंडळी एक रात्र मुक्कामाला आली.

संध्याकाळी सुनंदाबाईंनी ट्रंकेतून कोट काढला, घडी मोडली, भूपेंद्रने तो कपाटात टांगला. सगळ्यांनी हात लावून पाहिला. समाधानने लावला नाही.

"हात लावून पाय रे एकदा," सुनंदाबाई म्हणाल्या, "तुह्या बापाचा हाये."

"बाप घरी यायचा नाही, कोटाचं कौतुक मात्र भारी," समाधान म्हणाला होता. "एवढा जड होत असेल तर जाळून टाका एकदाचा."

हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

आता सुनंदाबाई ओसरीच्या कोपऱ्यात जळका कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडत नव्हत्या. तानुबाई जवळ गेल्या तशा त्या हळू आवाजात बोलल्या.

"अक्का, तुम्ही दवाखान्यात किती जयलेल्या बाया पाह्यल्या. पोलिसाले जे सांगत नव्हत्या ते तुम्हाले सांगायच्या. मले एवढं शोधून द्या, हे कोनं केलं ते."

"आणि समाधाननेच केलं असलं तर?"

"तर मी त्याच्या घरी नाही राहनार. नानांच्या घरी राहीन, नाहीतर कोठीबी राहीन. पन त्याच्या हातचं पानी नाही पेनार."

बोलणं शांत होतं, म्हणूनच तानुबाईंना भीती वाटली. त्यांनी वहिनीच्या मांडीवरचा कोट उचलला आणि अंगणातल्या उजेडात नेऊन पसरला.

आणि पहिल्याच नजरेत त्या चपापल्या.

३

यावलच्या दवाखान्यात तानुबाईंनी नर्स म्हणून अर्धं आयुष्य काढलं होतं. स्टोव्हने भाजलेल्या, चुलीने भाजलेल्या आणि 'चुलीने भाजलेल्या' म्हणून आणलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. त्यातून एक गोष्ट त्या शिकल्या होत्या. माणूस खोटं बोलतो, जळलेलं कापड खोटं बोलत नाही. आग खालून वर चढते. पदराचा काठ धरते, कमरेला येते, छातीशी येते.

या कोटाची आग खाली उतरली होती.

डाव्या खांद्याखाली एक गोल भोक होतं, कडा काळ्या कुळकुळीत. तिथून एक बोटभर रुंद जळकी रेघ तिरकी होत खिशापर्यंत गेली होती. आजूबाजूचं कापड धुराने काळवंडलं होतं, पण शाबूत होतं. कोटाच्या खालच्या घेराला तर काहीच झालं नव्हतं. कोट जाळायचा तर माणूस काडी घेराला लावेल की खांद्याला टेकवून धरेल?

"रूपाली, तुझ्याजवळ काडेपेटी आहे ना?"

रूपाली दचकली. "आहे. पण आत्या, मी सकाळी दारातल्या गणपतीला उदबत्ती लावली फक्त. तेलघराकडे गेलेसुद्धा नाही."

"तू कोटावर चिडलेली होतीस. कपाटाची अर्धी जागा अडवतो म्हणायचीस."

"म्हणायचे. मग काय, म्हणून जाळेन? उलट आता जागा होणार म्हणून मी खूश होते." रूपाली कधी बोलणं गिळणाऱ्यातली नव्हती. "आणि मला विचारताय, तर नानांनाही विचारा. पहाटे त्यांचं अंथरूण रिकामं होतं."

तानुबाईंनी ते लक्षात ठेवलं आणि काडी ओढली. कोटाच्या घेराच्या आतल्या कोपऱ्याला ज्योत लावली. लोकर चरचरली, आकसली, घाण वास आला, आणि ज्योत बाजूला घेताच विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"पेटतच नाही हे," रूपाली वाकून बघत म्हणाली.

"लोकर अशी पेटत नाही. रॉकेलचाही वास नाही. म्हणजे कुणीतरी न हलता, एकाच जागी, बराच वेळ विस्तव धरून उभं राहिलं असणार. आणि मग तो विस्तव हळूहळू खाली सरकवला असणार." तानुबाई स्वतःच्याच बोलण्यावर मान हलवत राहिल्या. "असं कोण करेल?"

नाना ओट्यावर पाय लांब करून बसले होते.

"नाना, पहाटे कुठे होतात?"

"कोठी असनार? झोपलो होतो."

तानुबाईंनी त्यांच्या पायजम्याकडे पाहिलं. खालचा घेर ओला होता आणि त्याला वाळू चिकटली होती. नानांनी पाय आखडून घेतले.

"नाना."

नानांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मूठभर शिंपले काढून ओट्यावर ठेवले.

"समुद्र पाहाले गेलतो," ते म्हणाले. "गुडघ्याइतका आत गेलो. चाळीस वर्स त्याले शिव्या देल्या मी, का माती सोडून पान्यापाशी जाऊन बसला. आता तुम्हा बठ्ठ्यांसमोर तेच पानी कोन्या तोंडानं पाहू? म्हनून अंधारात गेलो. नातवंडांसाठी हे आनले. सांगू नको कोनाले, ताने."

"परत येताना बत्तीच्या दारात कुणी दिसलं?"

"दार उघडं होतं. मानूस नाही दिसला."

भूपेंद्रने तर सकाळपासून सर्वांना सांगितलं होतं, की रात्री दार त्याने स्वतः कुलूप लावून बंद केलं होतं.

४

"पुन्हा वर जायचंय मला," तानुबाई म्हणाल्या.

भूपेंद्रचा चेहरा उतरला. "अक्का, साहेब यायच्या आत मला खोली साफ करायची आहे."

"मी मदत करते की."

वर गेल्यावर तानुबाईंनी आधी काही विचारलं नाही. दवाखान्यातही त्या तसंच करायच्या. आधी खोलीतून फिरायचं, उशी नीट करायची, मग बोलायचं. खिडकीखालच्या दगडी पट्टीवर त्यांना डांबरगोळ्या दिसल्या. एका ओळीत, नीट मांडून ठेवलेल्या. कोटाच्या खिशांतल्याच असणार. आदल्या दिवशी भूपेंद्रने कोट कपाटात तसाच, गोळ्यांसकट टांगला होता.

तानुबाई त्या गोळ्यांकडे टक लावून पाहत राहिल्या. जो कोट जाळणार आहे, तो खिशातल्या गोळ्या काढून ओळीत कशाला मांडेल?

गोळ्या काढतो तो, ज्याला कोट घालायचा असतो.

मग त्यांनी पडदे पाहिले. प्रत्येक पडद्याच्या खालच्या टोकाला नाडी होती आणि ती लोखंडी कडीला बांधलेली. गाठी सगळ्या सारख्या, जुन्या, सुकून कडक झालेल्या. एकाच पडद्याची नाडी नुसती लोंबत होती.

"भूपेंद्र, सकाळी मी नळावर होते. वर बघितलं तर डोळे दिपले माझे. काचेत रंग दिसले, लाल, हिरवे, निळे. साधी काच असे रंग पाडते का रे?"

भूपेंद्रने ती लोंबती नाडी हातात धरली.

"रंग या भिंगाच्या लोलकांनी पाडले. म्हणजे ऊन भिंगापर्यंत पोचत होतं. म्हणजे एक पडदा उघडा होता. आणि मी धापा टाकत वर आले तेव्हा सगळे पडदे बंद होते. माझ्याआधी समाधान आला, त्याच्याआधी तू."

भूपेंद्र जिन्याच्या तोंडाशी बसला. माणूस घाबरला की घरची भाषा बाहेर येते, तशी त्याची आली.

"चूक बठ्ठी मनी शे, अक्का." सगळी चूक आपलीच असल्याचं असं कबूल करून त्याने स्वतःला सावरलं. "किल्ली मी ओसरीच्या खिळ्यालाच ठेवली होती. ती माझ्या उशाशी हवी. वर आलो तर हा पडदा उघडा. बघताक्षणी कळलं मला काय झालंय ते. मी आधी पडदा ओढला आणि मग वाळू टाकली. दीपगृहात दिवसा पडदे उघडे ठेवायचे नाहीत, हे नोकरीतलं पहिलं शिकणं. सरांनीच शिकवलं मला."

"का ठेवायचे नाहीत?"

"हे भिंग आतल्या दिव्याचा उजेड गोळा करून बाहेर लांब फेकतं. पण दिवसा उलटं होतं. बाहेरचं ऊन गोळा करून आत, जिथे दिवा असतो बरोब्बर तिथे आणून सोडतं."

"दाखव."

भूपेंद्रने पडदा सारला. उन्हाचा लोट भिंगावर आदळला आणि खोलीभर रंग उडाले. सूर्य एव्हाना वर चढला होता, त्यामुळे उजेडाचा ठिपका दांडीच्या खालच्या भागावर पडला होता. रुपयाएवढा, पांढराफेक, बघवत नव्हता. भूपेंद्रने वर्तमानपत्राचा तुकडा चिमट्यात धरून तिथे नेला. कागद आधी पिवळा झाला, मग तपकिरी, आणि मग पुरतं 'बघा' म्हणायच्या आत त्यातून धूर निघाला.

"सूर्य वर चढतो तसा ठिपका खाली सरकतो," तानुबाई सावकाश म्हणाल्या. "म्हणून आग खाली उतरली. काडी कुणीच ओढली नाही."

"कुणीच नाही, अक्का. उन्हानेच जाळला. पण हे सांगितलं तर साहेब विचारणार, पडदा उघडा कसा राहिला, किल्ली कुणाकडे होती. माझी नोकरी..." तो थांबला. "आणि तिकडे सगळे समाधानभाऊंना बोलतायत, तेही मला ऐकवत नाही."

तानुबाई उघड्या पडद्यातून बाहेर पाहत होत्या. काचेपलीकडे समुद्र नव्हता. तो पाठीमागे होता, पडद्याआड. इकडे खाडी, नारळ, आणि त्यामागे डोंगराची निळी रांग.

"भूपेंद्र, बत्तीवर चढलेला माणूस कुठला पडदा उघडेल?"

"समुद्राकडचा. सगळे तोच उघडायला सांगतात. इकडे आहे काय बघण्यासारखं? नुसती जमीन."

"हो ना," तानुबाई म्हणाल्या. "नुसती जमीन. पूर्वेकडे."

त्यांना सकाळचा ओसरीवरचा चहा आठवला, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या अंगाचा वास.

५

समाधान खडपांवर बसून होता. लाट फुटायची, तुषार त्याच्या चपलांपर्यंत यायचे, तो पाय मागे घेत नव्हता.

"कोट तुला घट्ट झाला असेल," तानुबाई शेजारी बसत म्हणाल्या.

त्याने झटक्यात मान वळवली.

"काल संध्याकाळी सगळ्यांनी कोटाला हात लावला, एकट्या तू नाही. आणि सकाळी अंगाला डांबरगोळ्यांचा वास एकट्या तुझ्याच येत होता. जाळणारा माणूस आधी अंगात घालत नाही रे."

"आत्या, जाऊ दे."

"कसं जाऊ देऊ? तुझी आई तुझ्या हातचं पाणी पिणार नाही म्हणतेय."

"नको पिऊ दे. जाळला म्हणू दे मला." समाधानचा आवाज फाटला. "पण तो मी अंगात घातला होता, हे नको कळायला कोनाले. काल एवढं तोंड टाकलं मी."

"का उघडलास पूर्वेचा पडदा?"

त्याने एक खडा उचलून लाटेत भिरकावला. मग बोलू लागला, समुद्राकडे बघत.

"लहान होतो तेव्हा बापू सुटी संपून निघाले की मी रडायचो. ते म्हणायचे, रडू नको, माझी बत्ती लई उंच हाये, तिथून मला आपलं शेत दिसतं, तू दिसतो. मग मी रोज दिवस बुडताना विहिरीच्या थाळ्यावर, त्या उंच दगडी ओट्यावर, उभं राहून हात हलवायचो. थंडीतबी. शाळेतले पोरं हसायचे. सातवीत नकाशा पाह्यला तेव्हा कळलं, की इथून जळगावबी दिसत नाही, शेत तर सोडाच. त्यानंतर मी त्यांच्याशी कधी धड बोललोच नाही. लेकराशी खोटं बोलले म्हणून."

एक लाट येऊन गेली.

"सकाळी उजाडायच्या टायमाला किल्ली दिसली खिळ्याला. कोट घेतला, वर गेलो, अंगात घातला. म्हटलं बघू तरी काय दिसतं इथून. पूर्वेचा पडदा उघडला." तो थांबला. "काहीच दिसत नाही आत्या. डोंगर. पण एक काय झालं, त्या पडद्यापाशी खाली दगड हाये ना, तिथली फरशी झिजेल हाये. एका मानसाच्या दोन पायांएवढी जागा. समुद्राच्या बाजूला नाही, कुठेच नाही. फक्त तिथे."

तानुबाई त्याच्याजवळ सरकल्या.

"मी उभा राह्यलो तिथे. मग खालून रूपालीनं चहाला हाक मारली. कोट अडकवायला दुसरं काही नव्हतं, दांडीवर टांगला. म्हटलं चहा घेऊन गुपचूप येतो आणि कपाटात ठेवून देतो. पडदा ओढायचा राह्यला. तेवढ्यात..."

"तेवढ्यात ऊन वर आलं."

"ऊन?" समाधानने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मले वाटलं, नानांनी जाळला. मी घातलेला पाहून."

तानुबाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. नाना समाधानवर संशय घेऊन बसले होते, समाधान नानांवर, आणि दोघेही एकाच पहाटे एकमेकांना चुकवत तेच करायला, चुडामणने पाहिलेलं पाहायला, गेले होते.

"चल," त्या उठत म्हणाल्या. "कसं जळालं ते मी सांगेन. वर कुणी नेला ते तू सांगायचं. मी तुझं नाव घेणार नाही."

"आणि मी नाही बोललो तर?"

"तर तुझी आई नानांच्या घरी राहायला जाईल. मी काय करणार?"

६

ओसरीवर सगळे जमले. तानुबाईंनी कोट चटईवर पसरला आणि ती खाली उतरलेली रेघ दाखवली, न पेटलेला घेराचा कोपरा दाखवला. काचेतले रंग सांगितले, भिंगाचं सांगितलं. भूपेंद्रने किल्लीचं आणि पडद्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

नाना गोंधळले. "म्हंजे कोट कोनंच जायला नाही?"

"कुणीच नाही. कुणीतरी तो फक्त वर नेला. घालून बघायला."

सुनंदाबाईंनी मान वर केली. रूपालीने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती काही म्हणणार होती, पण तानुबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

समाधान खांबाला टेकून उभा होता. मग त्याने सांगितलं. विहिरीच्या थाळ्याचं, नकाशाचं, झिजलेल्या फरशीचं. तुटक, खाली बघत, मध्येमध्ये शब्द गाळत. पण सांगितलं सगळं.

नाना काठी टेकत उठले, पुतण्याजवळ गेले. "मी तुले सकायी जे बोललो..." एवढं म्हणून त्यांना पुढचं येईना. त्यांनी खिशातून एक शिंपला काढला आणि समाधानच्या हातात कोंबला. समाधान त्या शिंपल्याकडे न कळून पाहत राहिला.

दुपारी साहेब आले. भूपेंद्रने काहीच लपवलं नाही. साहेबांनी वर जाऊन भिंग तपासलं, ते शाबूत होतं. तरी त्यांनी भूपेंद्रला कडक शब्दांत सुनावलं, लेखी जाब मागितला, आणि पाहुण्यांना वर सोडणं पुढच्या आदेशापर्यंत बंद केलं. भूपेंद्रने मान खाली घालून ऐकून घेतलं. प्रदर्शन उघडलं, पण त्या एका कपाटात काही नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा सुनंदाबाईंनीच उत्तर दिलं, कोट आम्ही परत घेऊन चाललो म्हणून.

निघायची वेळ झाली. नाना गाडीत मागे जाऊन बसले. सुनंदाबाई क्षणभर दोन्ही दारांपाशी घुटमळल्या, मग पुढचं दार उघडून गाडी चालवणाऱ्या समाधानच्या शेजारी बसल्या. तानुबाई आणि रूपाली मागे, नानांच्या बाजूला.

नारळांची वाडी संपली, घाट सुरू झाला. वळणावर गाडी मंदावली तेव्हा सुनंदाबाईंनी विचारलं,

"बसला का रे तुले?"

समाधानने रस्त्यावरची नजर काढली नाही. "खांद्यात आवळला. बाह्या लांब झाल्या."

"त्याहीचे हात लांबच होते," सुनंदाबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जणू घाटातल्या झाडांना सांगावं तशा, "शेवटच्या दिवसांत मले म्हनायचे, पोरगा जवळ येत नाही. मी म्हनायची, तुम्ही हाक मारा ना. तर म्हनायचे, आता तो मोठा झाला."

समाधानने पुढच्या वळणाला गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. खाली उतरला, कठड्यापाशी पाठमोरा उभा राहिला. रूपाली उतरायला निघाली, तेव्हा सुनंदाबाईंनी तिला हाताने थांबवलं आणि स्वतः दार उघडलं.